हृदयरोग असलेल्या स्त्रियांसाठी पुण्यातील संयुक्त सल्ला विभाग : आमचा अनुभव

माझ्या धाकट्या बहिणीच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मापासून मोठे छिद्र आहे. ते लहानपणी बंद केले गेले नाही, त्यामुळे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधील दाब वर्षानुवर्षे वाढत गेला आणि आता अशुद्ध रक्त त्या छिद्रातून उलट्या दिशेने शरीरात जाते. डॉक्टर या अवस्थेला आयसेनमेंगर म्हणतात. लग्नाला दोन वर्षे झाली, घरात मुलाचा विषय निघू लागला, आणि आमच्या भागातील एका नर्सिंग होममध्ये ‘काळजी घेतली तर होईल सगळे नीट’ असे सांगण्यात आले. त्या एका वाक्याने आमचे सहा महिने वाया गेले. पुढे आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या ज्या विभागात पाठवले, त्याविषयी हे लिहीत आहे. बहिणीची ओळख उघड होऊ नये म्हणून रुग्णालयाचे नाव देत नाही.

येथे हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकाच खोलीत, एकाच वेळी बसतात. एकाने दुसऱ्याकडे पाठवायचे आणि दोघांचे बोलणे वेगळे निघायचे, हा मनस्ताप त्यामुळे टळतो. आमच्यासोबत बहिणीच्या सासूबाई जुन्या रिपोर्टांची कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी आधी बहिणीची निळसर, फुगीर नखे पाहिली, बोटाला ऑक्सिजन मोजण्याचा चिमटा लावला, आणि मग खुर्ची सासूबाईंकडे वळवून ईसीजीच्या पाठकोऱ्या कागदावर हृदयाचे चार कप्पे काढले.

सासूबाईंनी विचारले, “मग ते छिद्र आता का बुजवत नाही?” उत्तर इतक्या सोप्या शब्दांत मी पूर्वी ऐकले नव्हते. “आई, आता ते छिद्र म्हणजे उजव्या बाजूच्या हृदयाला सुटकेची वाट आहे. ती बंद केली तर वाढलेल्या दाबाविरुद्ध त्याला एकट्याने झुंजावे लागेल.” गरोदरपणात शरीरातील रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते, निरोगी फुप्फुसे त्यासाठी सैलावतात, पण हिच्या रक्तवाहिन्या कडक झाल्यामुळे त्यांना ते जमत नाही. त्यातच बाकीच्या शरीरातील रक्तवाहिन्या सैल पडल्याने उलटा प्रवाह वाढून ऑक्सिजन आणखी घटतो. धोका प्रसूतीबरोबर संपत नाही, उलट त्यानंतरचे काही दिवस आणि आठवडे सर्वांत कठीण असतात, हे ऐकून सासूबाईंनी पिशवी घट्ट धरली. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुप्फुसांच्या रक्तदाबाच्या या आजारात मातामृत्यूचे प्रमाण १६ ते ३० टक्के आहे आणि गर्भधारणा टाळावी असाच सल्ला दिला जातो. हा आकडा डॉक्टरांनी लपवला नाही आणि भीती घालण्यासाठीही वापरला नाही. बहिणीला रडू आले, तेव्हा दोघेही काही न बोलता थांबले. त्या शांततेबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

बहीण नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. त्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, शिवाय फुप्फुसांतील दाबासाठीचे तिचे बोसेंटान हे औषध अशा गोळ्यांचा परिणाम कमी करते आणि गर्भ राहिल्यास त्यालाही अपाय करू शकते, हे येथे प्रथमच कळले. गर्भाशयात बसवायचे साधन चालते, पण ते बसवताना नाडी अचानक मंदावू शकते, म्हणून ते अशाच रुग्णालयात बसवून घ्यावे. पाळी चुकली तर एकही दिवस न दवडता यावे, कारण गर्भपात लवकर आणि तोही येथेच करणे सुरक्षित, असे बजावून सांगितले.

माझी तक्रारही येथेच आहे. साधन निवडण्याची चर्चा आणि पुरुष नसबंदीचा पर्याय, म्हणजे ज्यावर बहिणीचे प्राण अवलंबून आहेत तो भाग, समुपदेशकांनी बाहेरच्या बाकड्यावर पाच मिनिटांत उरकला. शेजारी अनोळखी माणसे बसलेली असताना मेहुणे काय विचारणार? हातात दिलेले माहितीपत्रकही इंग्रजीत होते. सासूबाईंना ते रात्री मी मराठीत वाचून दाखवले. आमची वेळ अकराची होती, नंबर लागला दीड वाजता. आत मात्र पाऊण तास मिळाला, म्हणून त्याचे फारसे काही वाटत नाही.

जाणाऱ्यांनी फक्त एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद नेऊ नये. एकोतील दाब हा अंदाज असतो, खरा दाब रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन केलेल्या कॅथेटर तपासणीत कळतो. ती झाली असल्यास तिचा अहवाल आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या जरूर न्याव्यात. आणि घरात ज्यांचा शब्द चालतो, त्यांना सोबत न्यावे. सासूबाई आत बसल्या नसत्या, तर घरी येऊन हे सारे त्यांना सांगण्याचे ओझे बहिणीवर पडले असते.

पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे. मेहुण्यांसाठी बंद खोलीत स्वतंत्र वेळ मिळावी, असा अर्ज मी मराठीत लिहून दिला आणि तो त्यांनी ठेवून घेतला आहे.