अमेरिकेतला कंपनीचा लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा: घ्या, पण वजावटीचं पान आधी वाचा

आजारपण किंवा अपघातामुळे दीर्घकाळ काम थांबलं तर पगाराचा काही भाग देणारा, अमेरिकेत नोकरीसोबत मिळणारा हा गट विमा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. ९० किंवा १८० दिवस थांबल्यावर पगाराच्या ६० टक्के रक्कम सुरू होते. पहिले २४ महिने स्वतःचं काम जमत नाही एवढं दाखवलं की पुरतं, पुढे कुठलंच योग्य काम जमत नाही हे सिद्ध करावं लागतं. विमा घ्यावा असाच आहे. मात्र ६० टक्के ही सगळ्या स्रोतांची मिळून मर्यादा असते, एकट्या विमा कंपनीची रक्कम नव्हे.

पगार महिना ८,००० डॉलर असेल, तर मर्यादा ४,८००. एसएसडीआय, म्हणजे सोशल सिक्युरिटीचं अपंगत्व वेतन, २,६०० मंजूर झालं की विमा कंपनी २,२०० देते. तुमच्या एसएसडीआयमुळे मुलांना मिळणारी रक्कमही अनेक पॉलिसी वजा करतात. एसएसडीआयमधली नंतरची महागाईवाढ सहसा वजा करत नाहीत. मंजुरी उशिरा आली की थकबाकी एकरकमी जमा होते आणि विमा कंपनी जादा दिलेले पैसे परत मागते. ती रक्कम खर्चू नका, बाजूला ठेवा.

सगळ्यात महागात पडतं ते ६२ व्या वर्षी सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन घेणं. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांचं पूर्ण निवृत्तिवय ६७ आहे. पाच वर्षं आधी घेतलं तर ३० टक्के कायमचे जातात. वर विमा कंपनी ते वेतन वजा करते, त्यामुळे हातात ४,८००च राहतात. ६७ च्या सुमारास विमा बहुधा संपतो आणि उरतं ते घटलेलं वेतन. एसएसडीआय मात्र पूर्ण निवृत्तिवयाला कपातीशिवाय निवृत्तिवेतनात बदलतं. म्हणून आधी त्याचाच अर्ज करा. नकार आला तर ६० दिवसांत अपील.

विम्याची रक्कम पगार नसल्याने ४०१-के, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती बचत खात्यातली भर आणि कंपनीचा वाटा सहसा थांबतो. कंपनीची वेगळी पेन्शन असेल, तर ती घेण्याआधी वजावटीचं कलम वाचाच.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अलीकडे आलेल्यांसाठी एक महत्त्वाचं: ३१ वर्षांच्या पुढे एसएसडीआयला साधारणपणे शेवटच्या १० वर्षांत ५ वर्षांचं काम लागतं. भारताशी सामाजिक सुरक्षा करार नसल्याने तिकडची पीएफची वर्षं धरत नाहीत. अपात्र असाल तरी अर्ज करून नकारपत्र विमा कंपनीला द्या, नाहीतर काही कंपन्या अंदाजे रक्कम धरून वजावट करतात.