युद्धावशेष संग्रहालय, हो ची मिन्ह शहर: तीन तास राखून ठेवा

हो ची मिन्ह शहरातील युद्धावशेष संग्रहालयासाठी किमान तीन तास राखून ठेवावेत. एका सहल कंपनीच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीत आम्हाला तिथे जेमतेम पाऊण तास मिळाला आणि वरचा मजला पाहायचा राहिला. म्हणून दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी पुन्हा स्वतंत्रपणे गेलो.

सप्टेंबर १९७५ मध्ये हे प्रदर्शन उघडले तेव्हा त्याच्या नावातच अमेरिकेच्या आणि तिच्या 'बाहुल्यांच्या', म्हणजे तिच्या पाठिंब्यावरच्या दक्षिण व्हिएतनाम सरकारच्या, गुन्ह्यांचा उल्लेख होता. आजचे सौम्य नाव १९९५ मधले, म्हणजे दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले त्या वर्षीचे आहे. मांडणी मात्र अजूनही विजेत्याचीच आहे.

व्हिएतनाम युद्धात आपण मोठी लढाई एकही हरलो नाही, असे अमेरिकेत आजही अनेकजण मांडतात, आणि रणांगणापुरते ते बरेचसे खरे आहे. १९६८ मध्ये टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात झालेल्या हल्ल्यात कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामच्या बाजूची भयंकर हानी झाली. पण युद्ध संपत आल्याचे जे आश्वासन अमेरिकन जनतेला दिले जात होते, त्यावरचा विश्वास त्याच हल्ल्याने उडाला. शत्रूचे मृतदेह मोजून प्रगती मापणाऱ्यांना हे त्या मोजणीतून कधीच दिसले नसते. जानेवारी १९७३ च्या पॅरिस शांतता कराराला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सन्मानाची शांतता म्हटले आणि सव्वादोन वर्षांत, ३० एप्रिल १९७५ रोजी, उत्तरेचे रणगाडे सायगावच्या (आजच्या हो ची मिन्ह शहराच्या) राजप्रासादाचे, म्हणजे दक्षिणेच्या अध्यक्षांच्या निवासाचे, फाटक तोडून आत शिरले. उत्तरेला एकसंध देश हवा होता, तो मिळाला. अमेरिकेला दक्षिण वेगळी राखायची होती, ती राहिली नाही. माझ्या मते युद्धाचा निकाल उद्दिष्टावरूनच लावायला हवा आणि त्या कसोटीवर हा विजय व्हिएतनामचाच आहे.

मात्र त्याची किंमत किती, हे एजंट ऑरेंजच्या, म्हणजे अमेरिकेने जंगले उजाड करण्यासाठी फवारलेल्या विषारी रसायनाच्या, दालनात उभे राहिल्यावरच कळते. व्हिएतनाम सरकारनेच १९९५ मध्ये सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये मृत्युमुखी पडल्याचा अंदाज दिला होता. संग्रहालयाची मोठी उणीव अशी की दक्षिणेकडून लढलेले व्हिएतनामी, युद्धानंतर त्यांना डांबलेल्या 'पुनर्शिक्षण' छावण्या आणि होड्यांतून देश सोडून गेलेले लाखो लोक यांना इथे जवळपास स्थानच नाही. युद्धात मारल्या गेलेल्या दोन्ही बाजूंच्या छायाचित्रकारांचे दालन तेवढे याला सुखद अपवाद आहे, आणि घाईच्या सहलीत नेमके तेच सुटते.

एका चौकटीत एका अमेरिकन सैनिकाने १९९० मध्ये दिलेली त्याची पदके लावली आहेत. सोबतच्या पट्टीवर एकसंध व्हिएतनामच्या जनतेला उद्देशून त्याने लिहिले आहे की माझे चुकले, मला माफ करा. बाबा लष्करातून निवृत्त झालेले आहेत. पदक देऊन टाकणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्या चौकटीसमोरून ते बराच वेळ हलले नाहीत.

माहितीफलक व्हिएतनामी आणि इंग्रजीत आहेत. लहान मुलांना वरच्या मजल्यांवर नेऊ नये, कारण तिथली छायाचित्रे मोठ्यांनाही सोसत नाहीत. जमल्यास आधी जवळचा राजप्रासाद पाहावा. तळघरातल्या युद्धकक्षात भिंतीवर नकाशे आणि टेबलांवर दूरध्वनी अजून जागच्या जागी आहेत, तर गच्चीवर ८ एप्रिल १९७५ रोजी बॉम्ब पडले त्या जागा लाल वर्तुळांनी दाखवल्या आहेत. हरणारी बाजू जिथे बसून युद्ध चालवत होती ती जागा आधी पाहिली, की संग्रहालयात गाळलेले काय ते लगेच ध्यानात येते.