१० नंबर: जपायचा की पुढे द्यायचा?
ऑगस्ट २०१७, कोलंबो. पालघरचा शार्दुल ठाकूर पहिला वनडे खेळायला उतरला, पाठीवर १० नंबर. सचिनचा! चाहते इतके भडकले की पुढे त्याने ५४ घेतला. काय चुकलं होतं त्या पोराचं?

नंबर जपण्यामागची माया मला कळते. फुटबॉलमध्ये बघा, मॅराडोना येण्याआधी नापोली या क्लबने एकदाही इटालियन लीग जिंकली नव्हती. त्याच्यासोबत १९८७ आणि १९९० मध्ये जिंकली. त्यांनी त्याचा १० कायमचा बाजूला ठेवला, योग्यच केलं.

पण बार्सिलोनात रोनाल्डिन्होचा १० मेस्सीला मिळाला आणि त्या आकड्याचं वजन वाढलंच. भारतीय संघासाठी मला हीच वाट पटते. फक्त पहिल्याच सामन्यात नको. आधी धावा-विकेट दिसू देत, मग सचिननेच तो शर्ट हातात द्यावा.