तीन महिन्यांची साखर, उपाशीपोटीची साखर आणि दोन्हींआधी हिमोग्रॅम

सकाळी साडेसातला पुण्यातल्या एखाद्या लॅबच्या काउंटरवर उभे राहिले, की हमखास प्रश्न येतो: ‘फास्टिंग-पीपी (उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर) करायचे, की तीन महिन्यांची?’ ज्याला एकच निवडायचे आहे, त्याने आपला हिमोग्लोबिनचा आकडा आधी पाहावा, असे माझे मत आहे.

फास्टिंग-पीपी त्या त्या वेळची साखर दाखवते. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून अधिक मिलिग्रॅम हा मधुमेहाचा आकडा मानला जातो, मात्र लक्षणे नसतील तर तो दुसऱ्या तपासणीने पक्का करावा लागतो. आदल्या रात्रीची बासुंदी, ताप किंवा अपुरी झोप यांनी हा आकडा हलतो. शिवाय पीपीसाठी जेवणानंतर बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावे लागते, जे नोकरदाराला जड जाते. फास्टिंगचे रक्त करड्या झाकणाच्या नळीत घेतले जाते, कारण तिच्यातील फ्लोराइडमुळे नळीतल्या पेशींकडून होणारा साखरेचा वापर रोखला जातो.

एचबीए१सीला, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीला, उपवास लागत नाही, ही तिची मोठी सोय. साखर तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी सुमारे 120 दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडतो; 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक आला, तर तो मधुमेहाचा मानला जातो. परंतु हा हिशेब पेशींच्या आयुष्यावर उभा आहे. लोहाच्या कमतरतेत साखर न वाढताही आकडा फुगू शकतो. उलट रक्तस्राव, नुकतेच चढवलेले रक्त किंवा पेशी लवकर फुटणारा आजार असेल, तर तो फसवा कमी येतो.

माझ्या आत्याच्या रिपोर्टात एचबीए१सी 6.7 आले आणि घरात लगेच गोळ्यांची चर्चा सुरू झाली. फास्टिंग मात्र 102 आणि पीपी 134 होती. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या त्याच रक्तावर केलेल्या हिमोग्रॅमकडे, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीकडे, कोणी पाहिलेच नव्हते: हिमोग्लोबिन 9.1, पेशींचे सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही 69 आणि पेशींच्या आकारातील फरक सांगणारा आरडीडब्ल्यू वाढलेला, म्हणजे लोहाच्या कमतरतेचे सरळ चित्र. डॉक्टरांनी आधी लोह दिले; काही महिन्यांनी हिमोग्लोबिन सुधारले आणि तीन महिन्यांची साखर 6.1 वर आली.

एमसीव्ही कमी असूनही तांबड्या पेशींची संख्या भरपूर असेल, तर थॅलेसीमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची, शंका घ्यावी. पिंपरी कॅम्पातील सिंधी कुटुंबांमध्ये ही शक्यता अधिक असल्याने तिथे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. उलट वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसाचा एमसीव्ही 100 च्या पुढे गेला असेल, तर बी१२ तपासून घ्यावे. घरच्या ग्लुकोमीटरलाही पेशींचा हिशेब सुटत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर पट्टी साखर थोडी जास्त दाखवते.

हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही ठीक असतील, तर मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने एचबीए१सीच निवडावे. आकडे बिघडलेले असतील किंवा पोटात बाळ असेल, तर फास्टिंग-पीपीचे दोन हेलपाटे सोसावेत. फार तर डॉक्टरांकडे फ्रुक्टोसामिन या रक्ततपासणीची चौकशी करावी, जे दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि तांबड्या पेशींवर अवलंबून नसते.