फ्लाय ॲशवाला एम२५ स्लॅब: सोलापूरच्या उन्हात कसा निघाला

जुळे सोलापुरात घराचं काम चालूय, त्यातल्या स्लॅबला आरएमसी प्लँटचं (तयार काँक्रीट गाडीनं पाठवणारा कारखाना) फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, घातलेलं एम२५ काँक्रीट (२८ दिवसाला २५ एमपीए ताकद धरणारं) घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. आमचे मिस्त्री शेवटपर्यंत म्हणत होते, "साहेब, राखेचा माल नको, साधं ५३ ग्रेड सिमेंटच घ्या." इथं बऱ्याच जणांना राख म्हणजे भेसळच वाटते. पण दुकानात पीपीसी सिमेंटची गोणी मिळते ना, तिच्यातही १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲशच असते, आणि आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसीसारख्या कोळशाच्या वीज प्लँटमधून ती ढिगानं निघते.

सिमेंटला पाणी लागलं की चिकट जेल बनतं आणि चुना सुटतो, तो तसाच राहिला तर नुसता पाण्यात विरघळत जातो. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि परत चिकट जेलच बनवते, त्यानं आतली बारीक छिद्रं भरतात. मग पाणी, क्षार आत शिरायला वाव कमी, सळई गंजायचं भ्या कमी. आणि माल सेट होताना गरम कमी होतो, एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात ही लय मोठी गोष्ट आहे.

पण हे सगळं सावकाश होतं. ७ दिवसांच्या क्यूबचा (ताकद तपासायला ओतलेला काँक्रीटचा ठोकळा) आकडा बघून घरच्यांचे चेहरे उतरले होते, २८ दिवसाला मात्र तो २५ च्या आरामात वर गेला आणि ५६ ला अजून चढला. म्हणून सेंट्रिंग काढायची घाई अजिबात करू नका, इंजिनिअर सांगेल तेव्हाच काढा, आणि पाणी साध्या सिमेंटपेक्षा जास्त दिवस मारा. कोरड्या गरम हवेत राखेच्या मालाला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) कमीत कमी १४ दिवस सांगतं. आम्ही स्लॅबवर मालाचे वाफे करून पाणी साठवलं, कडेच्या बीमला ओली गोणपाटं गुंडाळली. पाणी न मारता राखेला नावं ठेवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

सेंट्रिंग काढल्यावर खालून स्लॅब एकदम गुळगुळीत, कोपऱ्यातसुद्धा खडी उघडी पडलेली नाही. राखेचे कण गोल असतात त्यामुळं माल सळयांमधनं नीट सरकतो.

माल भारी, सर्व्हिस सुमार. दुसरी गाडी उशिरा दुपारी आली, माल घट्ट व्हायला लागलेला, तर ड्रायव्हरनं सरळ ड्रममध्ये पाइप सोडला. मी तिथंच थांबवलं आणि गाडी परत पाठवली. वरनं पाणी टाकलं की राख असो नाहीतर काही असो, स्ट्रेंग्थ गेलीच. फ्लाय ॲशचं टेस्ट सर्टिफिकेट पण फोनवर फोन केल्यावर मिळालं.

मालाला पाचपैकी साडेचार, प्लँटला अडीच. वरचा स्लॅबही फ्लाय ॲशचाच टाकणार, फक्त प्लँट दुसरा बघतोय आणि सगळ्या गाड्या सकाळी १० च्या आत खाली झाल्या पाहिजेत हे ऑर्डरवरच लिहून घेणार आहे.