थीटा-फाय शिकवताय? स्टेलॅरियम लावा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी गोलीय सहनिर्देशक शिकवते, म्हणजे गोलावरची जागा थीटा (उभ्या अक्षापासूनचा कोन) आणि फाय (त्या अक्षाभोवतीचा कोन) यांनी सांगणं. सूत्रं मुलांना पाठ असतात, पण कोन कुठून आणि कुठल्या दिशेनं मोजायचा ते फळ्यावरच्या गोलावरून पक्कं होत नाही. त्यासाठी स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरइतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलेलं नाही. संगणकावरची आवृत्ती मोफत आहे.

ठिकाण पुणे ठेवायचं, अक्षांश १८.५ उत्तर. ‘झेड’ दाबलं की क्षितिजाची जाळी येते, ‘ई’ दाबलं की विषुववृत्ताची. व्याधावर क्लिक केलं की विषुवांश-क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तावरचा आणि त्यापासूनचा कोन), होराकोन (तारा याम्योत्तरापासून किती फिरला तो कोन), दिगंश-उन्नतांश (क्षितिजावरची दिशा आणि क्षितिजापासूनची उंची) सगळं शेजारीशेजारी दिसतं. तारा तोच, आकडे वेगळे, कारण अक्ष बदलला. ९० मधून उन्नतांश वजा केला की आपला थीटा. फायचं मात्र सांभाळा: दिगंश उत्तरेकडून पूर्वेकडे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वाढतो, पुस्तकातला फाय उलटा.

खरी मजा रूपांतरात आहे. व्याध याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून ३ तास पुढे गेला, म्हणजे होराकोन ४५ अंश, की वेळ थांबवायची. क्रांती उणे १६.७५. गोलीय त्रिकोणाच्या सूत्रानं उन्नतांश ३३.४ येतो, पडद्यावरही तोच. मग दिगंश. कोसाइनच्या सूत्रातून कॅल्क्युलेटर १२५.८ देतो आणि पडद्यावर असतं २३४.२! मुलं आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतात. पण तारा तर समोर पश्चिमेला कललेला दिसतोय. दोन्ही कोनांची कोसाइन एकच, त्यामुळे होराकोन धन असेल तर ३६० मधून वजाबाकी करावीच लागते. कुठल्या चरणात आहोत हे तपासायची सवय इथे लागते, आणि माझ्या मते सगळ्या धड्यात हीच सर्वांत मोलाची.

दोन सूचना. ताळा घेताना ‘ए’ दाबून वातावरण बंद करा, नाहीतर उन्नतांशात अपवर्तन (हवेत प्रकाश वाकल्यानं तारा वर दिसणं) मिसळतं. क्षितिजाजवळ ते अर्ध्या अंशाहून जास्त असतं. आणि क्रांती ‘जे२०००’ची (म्हणजे सन २०००च्या सुरुवातीची) न घेता त्या दिवसाची घ्या.

मधल्या पायऱ्या मात्र स्टेलॅरियम दाखवत नाही, थेट उत्तर देतं. म्हणून वही उघडी ठेवायला सांगते आणि आकडेमोड होईपर्यंत प्रोजेक्टर झाकते. मोबाइलवरही ते मिळतं, पण दोन्ही जाळ्या एकमेकींना कुठे छेदतात ते मोठ्या पडद्यावरच नीट दिसतं.