जुन्या एमएम 540 ला कोणतं इंजिन: प्यूजो की डीआय?

एमएम 540 म्हणजे महिंद्राची जुनी डिझेल जीप. तिचं मूळ 2112 सीसीचं प्यूजो (फ्रेंच कंपनीच्या घराण्यातलं डिझेल इंजिन) झिजून ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, धूर सोडायला लागलं आणि तेल मोजायची डिपस्टिक आपणहून वर यायला लागली, की गाडीवाल्यासमोर तीन वाटा उरतात. त्याच घराण्यातलं 2498 सीसीचं एक्सडी3पी, महिंद्राचं 2523 सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरात फवारणारं), नाहीतर थेट सीआरडीई, म्हणजे महिंद्राचं इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल डिझेल. आहे तेच इंजिन बांधून घेणं ही चौथी वाट, पण क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आधीच ग्राइंड होऊन शेवटच्या साइझला आलेली असेल, म्हणजे आणखी घासता येत नसेल, तर तिच्यात पैसे घालू नयेत असं मला वाटतं. माझी गाडी देवगडच्या बाजूची. काम आंबा-काजूच्या बागेचं, अधूनमधून करूळ घाट चढून कोल्हापूर. पुढचं सगळं तेवढ्या वापरापुरतंच धरा.

सीआरडीईचं आधी मिटवतो. जुन्या थारमध्ये त्याची 105 अश्वशक्ती चालवून बघितली की माणूस पाघळतो, मीही पाघळलो होतो. पण त्याच्याबरोबर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग, इंटरकूलर आणि मोठा रेडिएटर येतो, आणि एवढी ताकद आल्यावर ब्रेक जुने ठेवून चालत नाही. शिवाय आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. स्कॅनर घेऊन बागेत कोण येणार? हौसेची गाडी असेल, गॅरेजात झाकून राहत असेल, तर जरूर करा.

आता खरी लढत. डीआयची बाजू सोपी आहे आणि ती मांडताना मला अजिबात जड जात नाही. आमच्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकचा हात त्याच्यावर बसलेला आहे, कारण कमांडर आणि बोलेरो उघडतच तो मोठा झाला. सामान कणकवलीत मिळतं. इंजिन ट्रॅक्टरच्या वंशातलं, स्ट्रोक 101.6 मिलिमीटरचा, म्हणजे खालच्या फेऱ्यांवरच सगळा जोर. चुलतभावाच्या 540 मध्ये डीआय आहे आणि माझं इंजिन उतरवलेलं होतं तेव्हा अख्खा आंब्याचा हंगाम मी तीच गाडी हाकली. सड्यावरून बागेत उतरणारी आमची वाट म्हणजे नुसता जांभा, पावसानंतर त्यावर शेवाळ. पेट्या भरून परत चढताना लो रेंजला दुसरा टाकायचा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घ्यायचा. गाडी आपली आपण वर येते. प्यूजोला तिथे फेऱ्या द्याव्या लागतात, कधी हाफ क्लच करावा लागतो. डिझेलही डीआय कमी पितं. लिटरमागे दोनेक किलोमीटरचा फरक मला जाणवला, मोजमाप म्हणून कुणी धरू नये.

इतकं सगळं असून मी डीआय घेतलं नाही, आणि त्याचं कारण इंजिनात नाहीच. कारण पत्र्यात आहे.

समुद्राकाठची पंचवीस-तीस वर्षांची 540 बाहेरून रंगवलेली कितीही छान दिसू दे, फ्लोअरखाली हात फिरवला की पापुद्रे हातात येतात. बॉडी चॅसिसवर जिथे बोल्टने बसते तिथे पाणी आणि खारी माती साचून राहते, भोक हळूहळू मोठं होतं, वॉशर पत्र्यात रुततो. अशा गाडीत लांब स्ट्रोकचं चार सिलिंडरचं डिझेल आयडलिंगला उभं केलं की ती थरथर सरळ त्या भोकांपाशी जाऊन पोचते. भावाच्या गाडीत आरसा उभ्या गाडीत बघून उपयोग नसे, मागच्या माणसाची दोन डोकी दिसत. ते चालतं. डॅशचे स्क्रू सैल होतात, तेही आवळता येतात. पण ड्रायव्हरच्या सीटमागे त्याने पत्र्याचा तुकडा लावून नीट वेल्डिंग करून घेतलं होतं, ते हंगाम संपायच्या आत सांध्याच्या शेजारी फाटलं. सांधा शाबूत आणि त्याला लागून केसाएवढी चीर, तिच्यातून खालचा रस्ता दिसतोय. पुन्हा वेल्डिंग, पुन्हा दोन बोटं पलीकडे नवी चीर. नवीन रबर माउंटिंग टाकून झाली, पंपाची सेटिंग तपासून झाली, इंजिन निर्दोष निघालं. आमच्या मेकॅनिकने खाली सरपटत जाऊन बघितलं आणि म्हणाला, "इंजिन रवात रे, पण हो पत्रो रवाचो नाय."

दर थोड्या दिवसांनी गाडी वेल्डरच्या दारात नेणं, बॅटरीच्या वायरी सोडवणं, टाकीजवळ ठिणगी नको म्हणून ओलं गोणपाट धरून उभं राहणं, या कटकटीला मी कंटाळलो. माझ्या गाडीचा पत्रा भावाच्या गाडीपेक्षा बरा आहे असं मी म्हणू शकत नाही.

प्यूजो इनडायरेक्ट इंजेक्शनचं आहे, म्हणजे डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं, त्यामुळे त्याचं जळणं मऊ. ठोका कमी, थरथर कमी. एक्सडी3पी बसवल्यावर माझी गाडी अंगणात चालू ठेवून मी तिच्या बॉनेटवर चहाचा कप ठेवू शकतो. बोअर 90 चा 94 आणि स्ट्रोक 83 चा 90 मिलिमीटर झाल्यामुळे मूळ इंजिनापेक्षा चढाला दम चांगला आला. डीआयइतका नाही, हे कबूल. हायवेला मात्र साठ-सत्तरच्या वेगात शेजारच्याशी बोलता येतं. बसवायलाही कमी खटपट, कारण जुन्याचाच मोठा भाऊ. डीआयला बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचा) प्रश्न येतो, म्हणून बहुतेक लोक त्याचा गिअरबॉक्सही बरोबर घेतात, आणि मग प्रोपेलर शाफ्टची (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याची) लांबी बदलत बसतात.

प्यूजोची दुखरी जागा म्हणजे ॲल्युमिनियमचं हेड, सिलिंडरांवरचं झाकण. एकदा गरम झालं की वाकतं. आपल्याकडे रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतायची सवय आहे, आणि किनाऱ्यालगतची विहीर मे महिन्यात मचूळ होते. ते पाणी हेडला आतून खातं. कूलंट टाका, रेडिएटर नवीन कोअरचा करा, थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. सामान शोधावं लागतं हेही खरं. गॅस्केट आणि हीटर प्लगचा जादा सेट मी घरात ठेवतो. ज्याला सुटं सामान दारात मिळायला हवं, किंवा ज्याने बॉडी नव्याने करून घेतली आहे, त्याने डीआय घेतलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

कागदांचं दोन्हीकडे सारखंच. आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागतं. आधी आरटीओची परवानगी, आणि बदल केल्यावर 14 दिवसांत कळवायचं. इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचे कागद आणि विक्रीचं बिल हातात आल्याशिवाय भंगारवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. पंधरा वर्षांवरच्या गाडीचं पासिंग पुन्हा पुन्हा येतं आणि इन्स्पेक्टर आधी नंबर घासून बघतो.

कुर्ल्याच्या भंगारात किंवा आणखी कुठे एक्सडी3पी बघायला गेलात तर ते आधीच गरम करून ठेवलेलं नको, थंड चालू करून दाखवा म्हणा. रेडिएटरचं झाकण काढून बुडबुडे येतात का ते बघा. हेड काढायला विक्रेता तयार असेल तर त्यावर सरळ पट्टी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून पाहा. थोडासा बाक कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्लेनिंग करून, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून, निघतो, पण आधीच बरंच प्लेनिंग झालेलं हेड असेल तर त्या इंजिनाची किंमत फक्त ब्लॉकची धरायची.